कोसळलेल्या ओकचे उत्तरकार्य

१९८७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, १५ तारखेची रात्र सरून १६ ची सकाळ उजाडण्याच्या आत, दक्षिण इंग्लंडवरून जे वादळ गेले, त्याने अवघ्या काही तासांत सुमारे दीड कोटी झाडे भुईसपाट केली. ससेक्सच्या किनाऱ्यावरील शोरम येथे वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी ११५ मैल नोंदला गेला. अठरा माणसे प्राणास मुकली. आणि केंट, सरे व ससेक्स या परगण्यांतील शतकानुशतके जपलेल्या राया सकाळी ओळखू येईनाशा झाल्या. त्या वर्षी शरद ऋतूतला पाऊस आधीच विपुल होऊन माती खोलवर भिजलेली होती आणि झाडांची पाने गळावयाची होती. त्यामुळे भरल्या पर्णसंभाराने वारा अडविला आणि मऊ मातीने मुळांना साथ दिली नाही. क्यू येथील राजोद्यानात सुमारे ७०० झाडे गेली, तर त्याच संस्थेच्या ताब्यातील वेकहर्स्ट येथे सुमारे २०,०००. ज्या गावाचे नावच सात ओकवृक्षांवरून पडले आहे, त्या सेव्हनोक्स येथे सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाप्रीत्यर्थ १९०२ साली लावलेल्या सातांपैकी सहा ओक त्या रात्री कोसळले.

इंग्लंडच्या इतिहासात याला तोलास तोल असे वादळ शोधावयाचे तर १७०३ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वादळानंतर डॅनियल डीफो हा ग्रंथकार केंट परगण्यातून पडलेली झाडे मोजीत हिंडला आणि १७,००० पर्यंत मोजून त्याने तो नाद सोडला. पडलेल्या झाडांची संख्या मोजणे हे दुःखाचे पहिले आणि स्वाभाविक रूप होय. परंतु संख्या मोजून झाल्यावर जो प्रश्न उरतो, तो अधिक कठीण आहे: या आडव्या झालेल्या महाकाय देहांचे आता करावयाचे काय? दोनशे वर्षे वाढलेला वृक्ष एका रात्रीत पडतो. पण पडल्याने तो आपोआप उपयुक्त लाकूड होत नाही. तो सरपण होईल, जागच्या जागी कुजेल, की पुढील दोनशे वर्षे एखाद्या घराचे छप्पर तोलून धरील, हे पडल्यानंतरच्या काही दिवसांत माणसे कोणते निर्णय घेतात त्यावर ठरते. त्या निर्णयांची आणि त्यांमागील विद्येची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ओकची जात आणि तिचे धैर्य

ओक हा वृक्ष महाराष्ट्राच्या डोंगरांत उगवत नाही; हिमालयात त्याचे भाऊबंद बांज या नावाने ओळखले जातात. तथापि मराठी माणसाची आणि ओकची गाठ अगदी जन्मापासूनची आहे. बाळगुटीच्या सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरुडशेंग यांच्या जोडीने जे मायफळ उगाळले जाते, ते फळ नसून पश्चिम आशियातील एका ओकच्या डहाळीवर गांधीलमाशीच्या जातीच्या एका क्षुद्र कीटकाने अंडे घातल्यामुळे उठलेली गाठ असते. तिच्यातील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, हेच ओकच्या लाकडाचेही रहस्य होय. याच द्रव्याशी लोहक्षाराचा संयोग करून युरोपात शतकानुशतके दस्तऐवजांची काळी शाई बनविली गेली. आणि याच द्रव्यामुळे ओकचा गाभा बुरशीला व किडीला दीर्घकाळ दाद देत नाही.

इंग्लंडमध्ये ओकच्या दोन जाती स्वाभाविकपणे वाढतात. दोहोंचे लाकूड जवळजवळ सारखेच. आडव्या छेदात सालीलगत फिकट रंगाचा एक पट्टा दिसतो. झाड जिवंत असताना रस वाहून नेण्याचे काम त्या पट्ट्याकडे असते, आणि झाड पडल्यावर किडीचा पहिला हल्लाही त्याच्यावरच होतो. त्याच्या आत तपकिरी गाभा असतो. गाभ्यातील रसवाहिन्या झाडाने स्वतःच आतून बुजवून टाकलेल्या असतात; म्हणूनच ओकच्या पिंपात मद्य वर्षानुवर्षे राहते व झिरपत नाही. मध्यबिंदूपासून सालीकडे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे गेलेले रुंद किरण हे ओकचे तिसरे वैशिष्ट्य. त्यांचे महत्त्व पुढे फळ्या पाडताना ध्यानात येईल.

गाभ्याच्या या टिकाऊपणामुळे पडलेला ओक माणसाला उसंत देतो. त्याच वादळात पडलेले बीच या वृक्षाचे लाकूड एकदोन उन्हाळ्यांत डागाळून निकामी होते. ओकचा बाहेरचा पट्टा सडला तरी गाभा कित्येक वर्षे शाबूत राहू शकतो. म्हणून वादळानंतरच्या कामाचा क्रम लावताना बीचची निकड आधी पाहणे आणि ओकला थांबू देणे शहाणपणाचे ठरते.

करवत हाती घेण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावयाचा असतो: झाड खरोखर मेले आहे काय? क्यू उद्यानात १७९८ साली लावलेला 'टर्नर्स ओक' त्या रात्री मुळांसकट उचलला गेला आणि पुन्हा त्याच जागी टेकला. इतर पडझड निस्तरण्यात उद्यानाच्या लोकांची तीनएक वर्षे गेली. त्यानंतर त्याच्याकडे पाहिले, तो पूर्वीपेक्षा अधिक तजेलदार झालेला आढळला. लोकांच्या पायांखाली दोन शतके दडपलेली माती वादळाने सैल केली होती आणि मुळांना हवा मिळाली होती. पुढे त्या उद्यानात जुन्या वृक्षांभोवतीची माती मोकळी करण्याची पद्धत रूढ झाली, ती या अनुभवातूनच. जे पडले ते सारे मेले, असे गृहीत धरून चालणारा मनुष्य झाडांचा जाणकार नव्हे.

पहिला घाव

ससेक्समधील एका लाकडाच्या वखारीत पडलेल्या ओकच्या फळ्या पाडण्याचे काम पाहण्याची संधी मला मिळाली. तेथील वयोवृद्ध करवत्याने पहिल्याच भेटीत जे सांगितले त्याचा सारांश असा, की लाकडाचे नुकसान वाऱ्याने होते त्याहून अधिक पहिल्या तासात होते. वाट अडविणारे झाड दूर करावयाचे असते, माणसे घाईत असतात, आणि यांत्रिक करवतीने हातांनी उचलता येतील एवढे दोन-दोन फुटांचे तुकडे पाडले जातात. त्या क्षणी त्या झाडातून तुळई, फळी, दाराची चौकट हे सारे नाहीसे होते. मागे केवळ सरपण राहते.

जाणता मनुष्य आधी झाडाभोवती फिरतो. उन्मळलेल्या झाडाच्या खोडात प्रचंड ताण साठलेला असतो. एक बाजू ओढलेली, दुसरी दाबलेली. आधी शेंड्याकडील फांद्या क्रमाने मोकळ्या केल्या जातात आणि खोड मुळांपासून तोडण्याचे काम अखेरीस ठेवले जाते. कारण खोडाचा भार निघताच मातीसह उभी राहिलेली मुळांची थाळी पुन्हा खड्ड्यात कोसळते, आणि तिच्या पाठीशी उभा असलेला मनुष्य वाचत नाही. त्यानंतर बुंध्यापासून पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतचा सरळ भाग, जो सर्वांत मौल्यवान, तो शक्य तितका लांब ठेवून कापला जातो. टोकांना भेगा पडणार हे ठाऊक असल्यामुळे दोन्हीकडे चार-सहा इंच अधिक ठेवले जातात.

मग मोजणी. इंग्लंडमधील जुने वखारदार आजही एडवर्ड हॉपसच्या पद्धतीचे नाव घेतात. १७३६ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांची रीत सोपी आहे: ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यावा, त्याचा चतुर्थांश करून वर्ग करावा आणि लांबीने गुणावे. मध्यावर १० फूट घेर आणि १६ फूट लांबी असलेल्या ओंडक्याचे माप या रीतीने १०० घनफूट येते; वास्तविक घनफळ सुमारे १२७ असते, आणि मधली तफावत ही साल, भुसा व पाठफळ्या यांच्या नासधुशीची सूट समजली जाते. चतुर्थांश घेराची हीच रीत आपल्याकडील वनखात्याच्या आगारांतही सागाच्या ओंडक्यांसाठी चालत आली. असा ओला ओंडका वजनाने पावणेचार टनांच्या घरात जातो. म्हणून जेथे झाड पडले तेथेच करवत नेण्याची सोय झाल्यापासून या धंद्याचे स्वरूप पालटले आहे.

करवतीखाली

पूर्वी हे काम खड्ड्यावर होत असे. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकून एक करवत्या वर उभा राही व दुसरा खाली. वरचा रेघ सांभाळी, खालचा भुशाच्या वर्षावात ओढ घेई. आपल्या मुलखातही, तिरप्या घोडीवर ओंडका चढवून एक वर व एक खाली अशा जोडीने करवत ओढणारी माणसे जुन्या पिढीने पाहिली आहेत. त्याहूनही जुनी रीत करवतीवाचूनची: पाचरी ठोकून ओंडका किरणांच्या रेषेत फोडावयाचा. उत्तर युरोपातील व्हायकिंग दर्यावर्दींच्या गलबतांच्या ओकच्या फळ्या अशा फोडलेल्या असत. लाकडाचा धागा कोठेही न तुटल्यामुळे त्या पातळ असूनही चिवट राहत.

आज फिरती पट्टा-करवत झाडापाशीच आणली जाते. ओंडका स्थिर राहतो आणि करवतीचे डोके रुळांवरून पुढे सरकते. प्रथम साल धुऊन काढतात, कारण तीत रुतलेली वाळू पात्याची धार क्षणात घालवते. मग धातुशोधक यंत्र ओंडक्यावरून फिरवतात. कुंपणाची तार, खिळे, क्वचित महायुद्धातील बंदुकीची गोळीही झाडाने पोटात घेतलेली असते. ओकच्या बाबतीत लोखंडाची खूण लाकूड स्वतःच देते: टॅनिन व लोह यांच्या संयोगाने त्या जागी निळसर काळा डाग उमटतो; जी शाई कागदावर उतरे, तीच येथे लाकडात तयार झालेली असते.

पहिली पाठफळी उतरली की ओंडक्याचे अंतरंग उघडे पडते. ताज्या ओकचा रंग मधासारखा असून त्याला आंबूस, तीव्र असा वास येतो. क्वचित अशा वेळी गाभा गडद तपकिरी निघतो. जिवंत झाडात वर्षानुवर्षे राहिलेल्या एका बुरशीने तो रंगलेला असतो. लाकडाचे बळ घटण्याच्या आधी झाड हाती आले, तर तो तपकिरी ओक साध्या ओकहून अधिक मोलाने विकला जातो. वादळात पडलेल्या झाडांत मात्र आतल्या भेगांची भीती असते; मध्यबिंदूपासून फाकलेल्या किंवा वलयाच्या रेषेत सुटलेल्या भेगा बाहेरून दिसत नाहीत, आणि मोडून पडलेल्या खोडात तर धाग्यांना आडव्या, केसासारख्या सूक्ष्म चिरा असतात; अशी फळी भाराखाली एकाएकी तुटते. प्रत्येक काप म्हणूनच एक परीक्षा असते, आणि पुढचा काप कोठे घ्यावा हे मागच्या कापाने दाखविलेल्या अंतरंगावर ठरवावे लागते.

कापण्याच्या मुख्य रीती तीन. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ समांतर फळ्या पाडल्या, तर श्रम व नासधूस कमी होते, पण कडेच्या फळ्या वाळताना पन्हळीसारख्या वळतात. ओंडक्याचे चार भाग करून किरणांच्या दिशेने फळ्या काढल्या, तर वेळ व लाकूड दोन्ही अधिक खर्ची पडतात. परंतु फळी स्थिर राहते आणि पृष्ठभागावर किरणांची रुपेरी झळाळी उमटते, जी जुन्या राजवाड्यांच्या भिंतींवरील तक्तपोशीत लोकांनी वाखाणली आहे. तिसरी रीत तुळईची: चारी बाजू छाटून मध्यबिंदू पोटात ठेवावयाचा. करवतीच्या जाडीचा हिशेबही येथे महत्त्वाचा ठरतो. पट्टा-करवतीचे पाते प्रत्येक कापात सुमारे ३ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, साखळी-करवत सुमारे १० मिलिमीटर. २७ मिलिमीटर जाडीच्या फळ्या पाडताना पहिल्या करवतीने दहावा हिस्सा भुशात जातो, दुसरीने चौथ्या हिश्शाहूनही अधिक.

मुरण्याची मुदत

कापण्याचे काम एका दिवसात संपते. लाकूड होण्याचे काम तेथून सुरू होते. ताज्या ओकचे वजन घनमीटरला हजार किलोच्या वर असते, वाळल्यावर ते सुमारे ७०० वर येते. मधला फरक म्हणजे निव्वळ पाणी. हे पाणी जाताना लाकूड आकसते, आणि वलयांच्या रेषेत ते किरणांच्या रेषेपेक्षा जवळजवळ दुप्पट आकसते. भेगा, वाक, पीळ या साऱ्या व्याधींचे मूळ या एका विषमतेत आहे. म्हणून फळ्या जमिनीपासून उंच, एकीवर एक, मध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या ठेवून रचल्या जातात. पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत याव्या लागतात, नाही तर तेथेच फळी वाकते. टोकांना मेण किंवा रंग लावतात, वर छप्पर घालतात, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवतात. जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष, हे वखारीतले पिढीजात गणित आहे. भट्टीत घालून घाई केली तर बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या ओकच्या फळीला आतून पोकळ्या पडतात. म्हणून भट्टीचा उपयोग उघड्यावर मुरलेल्या लाकडातले शेवटचे पाणी काढण्यापुरता करणे इष्ट.

घरबांधणीसाठी मात्र ओक ओलाच वापरण्याची मध्ययुगीन रीत आहे. ओल्या लाकडाला खाच व कुसू पाडणे सोपे असते, आणि ओकच्याच खुंट्यांनी जोडलेला सांगाडा जागेवर वाळत वाळत अधिक घट्ट आवळला जातो. १९९२ च्या नोव्हेंबरात विंडसरच्या किल्ल्याला आग लागून सेंट जॉर्ज सभागृहाचे छत नष्ट झाले, तेव्हा नवे छत याच रीतीने, ओल्या ओकमध्ये उभारण्यात आले आणि १९९७ साली ते पुरे झाले. पॅरिसच्या नोत्र दाम मंदिराचे २०१९ साली जळालेले छप्पर व मनोरा यांसाठीही फ्रान्सच्या अरण्यांतून सुमारे दोन हजार ओक आले. त्यांच्या कित्येक तुळया सुतारांनी कुऱ्हाडीने, हातांनी घडविल्या. ही विद्या पुस्तकांत उरली असती आणि हातांत उरली नसती, तर ते काम झाले नसते.

ओक, साग आणि मुंबईची गोदी

ओकचा हा इतिहास एका ठिकाणी आपल्या इतिहासाशी प्रत्यक्ष जोडला गेला आहे. इंग्रज नौसेनापती नेल्सनचे 'व्हिक्टरी' हे जहाज बांधण्यास सुमारे ६,००० झाडे लागली आणि त्यांतील बहुतेक ओक होते. अशा जहाजांनी इंग्लंडच्या राया ओस पाडल्यावर आरमाराची दृष्टी मुंबईकडे वळली. तेथील गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागीर मलबारी सागाची जहाजे बांधीत होते. सागातील तेलामुळे लोखंडी खिळे त्यात सुरक्षित राहतात, तर ओकमधील टॅनिन त्यांना खाऊन टाकते. जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. त्याचे नकाशे मुंबईला घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलनजीक अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने हस्तगत केले होते, त्यामुळे ते नकाशे दुसऱ्यांदा धाडावे लागले. ते 'कॉन्स्टिट्यूशन' अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील सदापर्णी ओकचे बांधलेले. तेही बॉस्टन येथे सुस्थितीत आहे, आणि १९९० नंतरच्या दशकात त्याची डागडुजी झाली तेव्हा १९८९ च्या 'ह्यूगो' वादळात चार्ल्स्टन येथे पडलेले ओक त्यासाठी उपयोगी पडले. पडलेल्या झाडांची तजवीज लावणाऱ्या समाजाला त्यांचा उपयोग असा अनपेक्षित ठिकाणी होतो.

लाकडाविषयीची ही जबाबदारीची जाणीव आपल्याकडे नव्हती असे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जो हुकूम आहे, त्यात आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असल्याने त्यांना हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेले असलेच, तर धन्यास राजी करून, त्याचे द्रव्य देऊन मगच ते तोडावे, असा स्पष्ट दंडक आहे. उभ्या झाडाचा मान आणि जीर्ण झाडाचा उपयोग, दोन्हींचा विचार त्या एका कलमात आला आहे.

आपल्या अंगणातले

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या व आंब्याच्या बागा त्याने झोपविल्या. पंचनामे झाले, झाडांची संख्या लिहिली गेली, भरपाईची रक्कम मुकरर झाली. आणि ते आवश्यकच होते. परंतु पडलेल्या झाडांचा घेर, सरळ लांबी आणि गाभ्याची स्थिती यांना अशा पंचनाम्यांत सामान्यतः स्थान नसते. दर पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पडणाऱ्या वर्षावृक्षांची व आंब्यांची गतही हीच: वाट मोकळी करण्यासाठी तुकडे होतात आणि लाकूड सरपणाच्या भावाने जाते. ज्या फणसाच्या लाकडाचे पाट व देव्हारे कोकणातील घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकले, त्या फणसाचे शंभर वर्षांचे खोड चुलीत जाते.

आपले हवामान इंग्लंडहून कठोर आहे. आंब्याचे लाकूड ओकसारखी वर्षानुवर्षे वाट पाहत नाही, पावसात ते डागाळते आणि किडीला बळी पडते. म्हणजे ओकच्या बाबतीत जी दिरंगाई खपते ती आपल्याकडे मुळीच खपत नाही, आणि पूर्वतयारीची गरज दुप्पट होते. जंगलांच्या रक्षणासाठी करवतगिरण्यांवर व लाकडाच्या वाहतुकीवर जे निर्बंध आहेत, त्यांचा हेतू पवित्र आहे आणि ते सैल करावेत असे मी म्हणणार नाही. पण उभे झाड चोरून तोडणारा आणि पडलेल्या झाडाची फळी पाडणारा यांत भेद करता येईल असा दाखला पंचनाम्याच्या वेळीच देणे अशक्य नाही. पंचनाम्याच्या कागदात घेर व लांबी यांचे दोन रकाने वाढवावेत. झाडे हटविणाऱ्या पथकाला बुंध्याचा सरळ भाग अखंड ठेवण्याची ताकीद असावी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी छपराखाली लाकूड रचण्याची जागा आणि नगरपालिकेच्या किंवा वनखात्याच्या देखरेखीखाली चालणारी एक फिरती करवत असावी. आणि तयार झालेल्या लाकडावर पहिला हक्क गावच्या शाळेच्या बाकांचा व ज्याच्या अंगणातले झाड गेले त्याचा असावा. यातली एकही गोष्ट खर्चाच्या दृष्टीने आवाक्याबाहेरची नाही.

वृक्ष लावण्याचे पुण्य आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलो, उभा वृक्ष राखण्याचे कायदे आपण केले. वृक्षाच्या आयुष्याचा तिसरा अध्याय, जो तो पडल्यावर सुरू होतो, तेवढा आपला लिहावयाचा राहिला आहे. फांद्यांखालच्या सावलीचे ऋण शोकाने फिटत नाही. ते फेडावयाचे तर त्या झाडाला जितकी वर्षे वाढावयास लागली, निदान तितकी वर्षे त्याचे लाकूड माणसाच्या उपयोगी राहील असे काम आपल्या हातून झाले पाहिजे. आणि त्या कामाची तयारी वादळ येण्यापूर्वी, पावसाळा लागण्यापूर्वी, करून ठेवली पाहिजे.